शलमोनाचं ताट आणि नहेम्याचं ताट

आज बायबलमधल्या ‘पहिले राजे’ या पुस्तकातला चौथा अध्याय समोर घेऊ. प्रवचनांत तो क्वचितच येतो, कारण वरवर पाहिलं तर ती कोठीची यादी वाटते. इस्राएलचा राजा शलमोन याच्या घराला रोज 30 कोर सपीठ, 60 कोर पीठ, 10 पोसलेले बैल, कुरणातले 20 बैल आणि 100 मेंढरं लागत. हरणं आणि पुष्ट पक्षी वेगळे. एक कोर साधारण 220 लिटरचा धरला, तर रोजचं पीठच जवळपास 20,000 लिटर होतं.

एवढं आणायचं कुठून? त्यासाठी 12 कारभारी नेमले होते. एकेका भागाने वर्षातला एक महिना राजघराणं पोसायचं. म्हणजे आपली पाळी आली की त्या भागातून 900 बैल आणि 3,000 मेंढरं जायची. या 12 भागांच्या यादीत, हिब्रू पाठात, राजाच्या स्वतःच्या यहूदा वंशाचा भाग येत नाही. ही बारीक गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिथून उलगडतं.

धान्यानंतर आली वेठ. लबानोनात मंदिराच्या लाकूडतोडीसाठी 30,000 माणसं धरली. 10,000 ची एक तुकडी महिनाभर तिकडे, मग दोन महिने घरी. म्हणजे प्रत्येक माणूस वर्षातले चार महिने स्वतःच्या शेतावर नाही. पाळी पेरणीत आली काय नि कापणीत आली काय, जावंच लागे. शिवाय 70,000 ओझेवाले आणि डोंगरात 80,000 पाथरवट. मंदिराला 7 वर्षं लागली आणि राजवाड्याला 13. मंदिराचं वैभव आपण आनंदाने गातो, गावंच. पण त्या खांबांखाली कुणाचे खांदे होते, हे शास्त्र लपवत नाही. ‘राजा तुमचे मुलगे घेईल, मुली घेईल, शेतं घेईल’ असं शमुवेल संदेष्ट्याने आधीच बजावलं होतं.

शलमोन गेला आणि लोक शखेम गावात त्याचा मुलगा रहबाम याच्यापुढे आले. त्यांची मागणी फार साधी होती: जू हलकं कर, आम्ही तुझी सेवा करू. राज्य नको असं कुणी म्हणालं नव्हतं. वडीलधाऱ्यांनी सांगितलं, आज यांचा सेवक हो. बरोबरीच्या तरुणांनी उलटं सांगितलं, आणि तीन दिवसांनी उत्तर आलं: बापाने चाबकांनी मारलं, मी विंचवांनी मारीन. त्यानंतर त्याने लोकांकडे पाठवलं कुणाला? वेठीवरचा अधिकारी अदोरामाला! ज्याचं तोंड पाहून माणसं वर्षानुवर्षं घर सोडून जात होती, त्यालाच. लोकांनी त्याला दगडमार करून ठार केलं आणि दहा वंश रहबामाच्या यहूदापासून फुटले. त्यांनी राजा केला यराबामाला, जो पूर्वी योसेफाच्या घराण्याच्या वेठीवर मुकादम होता. ओझं किती जड आहे, हे त्याने जवळून पाहिलं होतं.

आता नहेम्याचा पाचवा अध्याय. इथे राजा नाही, पारसच्या (इराणच्या) बादशहाने यहूदावर नेमलेला सुभेदार नहेम्या आहे. लोक शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकत होते, बादशहाचा कर भरायला कर्ज काढत होते आणि मुलंबाळं दास्यात देत होते. नहेम्याने आधी सरदारांना आणि अधिकाऱ्यांना एकांतात नव्हे, भर सभेत जाब विचारला. गहाण परत करा, शेकड्याचा एक भाग व्याज म्हणून घेता तोही सोडा. नुसत्या होकारावर तो थांबला नाही, याजकांना बोलावून शपथ घ्यायला लावली. मला तो सगळ्यांत शहाणा कारभार वाटतो, कारण असल्या कबुल्या सभा उठली की विरतात.

मग स्वतःचा हिशेब. आधीचे सुभेदार अन्न, द्राक्षारस आणि वर 40 शेकेल (तेव्हाचं वजनाचं माप) चांदी घेत. त्यांचे चाकरही लोकांवर धनीपणा करत. नहेम्याने 12 वर्षं सुभेदाराचा भत्ताच घेतला नाही. त्याच्या पंक्तीला 150 यहूदी आणि अधिकारी असत, आसपासच्या राष्ट्रांतून आलेले वेगळे. तरी रोजचा खर्च एक बैल, सहा निवडक मेंढरं, काही पाखरं, आणि दर दहा दिवसांनी द्राक्षारस. भत्ता न घेण्याचं कारण तो एका ओळीत देतो: या लोकांवरचं ओझं भारी होतं.