मुस्तफा जेमिलेव्ह: घरी परत जायचं म्हणून खासदार झालेला माणूस

नमस्कार मंडळी. आज मी ज्या खासदाराबद्दल बोलणार आहे ते युक्रेनचे, पण मूळचे क्रिमियन तातार, म्हणजे काळ्या समुद्रातल्या क्रिमिया द्वीपकल्पावरच्या मूळच्या मुस्लिम जमातीतले. मुस्तफा जेमिलेव्ह त्यांचं नाव, त्यांचे लोक त्यांना क्रिमोग्लू म्हणतात, म्हणजे क्रिमियाचा मुलगा. भारतातून मेडिकलला सिम्फेरोपोलला गेलेली मुलं तुमच्या ओळखीत असतील, तर तोच हा क्रिमिया.

सुरुवात करतो १८ मे १९४४ पासून. पहाटे सैनिक दार ठोठावतात, सामान आवरायला जेमतेम काही मिनिटं देतात आणि बायका, पोरं, म्हातारी माणसं सगळ्यांना गुरांच्या डब्यात कोंबतात. तीन दिवसांत १ लाख ९० हजारांच्या आसपास माणसं क्रिमियातून उचलली, बहुतेक सगळी उझबेकिस्तानात नेऊन टाकली. स्टॅलिनचा आरोप काय तर अख्खी जमातच जर्मनांना फितूर! त्या गर्दीत सुदाकजवळच्या आय-सेरेझ गावातलं सहा महिन्यांचं एक तान्हं मूल होतं, तेच हे जेमिलेव्ह.

पुढे सोव्हिएत सैन्यात जायला नकार दिला म्हणून १९६६ मध्ये शिक्षा झाली, मग एक शिक्षा संपते न संपते तोवर दुसरी, असं करत जवळपास १५ वर्षं तुरुंगात आणि छावण्यांत गेली. त्यातलं १९७५ चं उपोषण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. सुटकेचे दिवस जवळ आले आणि नवीन खटला लावला, तर या माणसाने अन्न सोडलं, ते ३०३ दिवस! आपल्याला उपोषण हा शब्द चांगलाच ओळखीचा आहे, पण इथे मरूही देत नव्हते, रोज नळीने जबरदस्तीने पोटात अन्न ओतायचे. एप्रिल १९७६ मध्ये ओम्स्कच्या कोर्टात खटला उभा राहिला, सोव्हिएत सरकारविरुद्ध बोलणारे शास्त्रज्ञ आंद्रेई साखारोव्ह आणि त्यांच्या पत्नी येलेना बोनर मॉस्कोहून एवढ्या लांब आले तरी त्यांना दारातच अडवलं. आत सरकारचा मुख्य साक्षीदार, तोही कैदीच, भर कोर्टात म्हणाला की माझी आधीची साक्ष खोटी. तरी अडीच वर्षं ठोठावलीच.

१९८९ मध्ये जेमिलेव्ह क्रिमियात परतले. पण परत आलेल्या लोकांच्या घरांत आता दुसरे लोक राहत होते, मग माळरानावर झोपड्या बांधा, पाण्यासाठी भांडा, असं सगळं. १९९१ च्या जूनमध्ये सिम्फेरोपोलला कुरुलताय, म्हणजे अख्ख्या जमातीची प्रतिनिधी सभा भरली, तिने मेजलिस नावाचं मंडळ निवडलं आणि अध्यक्ष जेमिलेव्ह. या खुर्चीवर ते २०१३ पर्यंत बसले, हे जरा जास्तच झालं असं मला वाटतं, तातारांमधलेही काहीजण तेव्हा तेच म्हणत होते.

आता संसदेचं बघा, कारण खरी गोम इथे आहे. २००१ च्या जनगणनेत तातार क्रिमियात फक्त १२ टक्के, तेही विखुरलेले, म्हणजे मतदारसंघ जिंकणं महाकठीण. १९९४ ला क्रिमियाच्या विधिमंडळात त्यांना १४ राखीव जागा होत्या, १९९८ ला त्याही गेल्या आणि परत आलेल्या हजारो लोकांकडे तर युक्रेनचं नागरिकत्वच नव्हतं, मग मत कुठून देणार? तेव्हा जेमिलेव्ह थेट कीव्हला गेले, रुख या युक्रेनियन राष्ट्रवादी पक्षाच्या यादीतून ४५० जणांच्या वेर्खोव्हना रादात, म्हणजे युक्रेनच्या संसदेत, निवडून आले. मुस्लिम अल्पसंख्याकांचा नेता राष्ट्रवाद्यांबरोबर कसा, असं वाटेल, पण हिशोब सरळ होता. क्रिमियातल्या रशियावादी बहुसंख्येपुढे टिकायचं तर क्रिमिया युक्रेनमध्येच राहायला हवा, आणि या मुद्द्यावर रुख सगळ्यात ठाम. पुढे पक्ष बदलले, यादी बदलली, पण तातारांना क्रिमियाचे मूळ रहिवासी म्हणून मान्यता द्या ही मागणी तीच राहिली आणि दगड उचलायचा नाही, म्हणजे हिंसा करायची नाही, हा नियमही तोच. ते निवडून आले त्याच वर्षी, १९९८ मध्ये, त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचा नान्सेन पुरस्कार मिळाला.

मग २०१४. रशियन सैन्य क्रिमियात घुसलेलं, १२ मार्चला त्यांचं पुतिनशी फोनवर बोलणं झालं, त्यांनी स्पष्ट सांगितलं की सैन्य मागे घ्या. झालं काहीच नाही. २० मार्चला रादाने तातारांना क्रिमियाचे मूळ रहिवासी म्हणून मान्यता दिली, जी मागणी ते वर्षानुवर्षं करत होते, ती मिळाली पण क्रिमिया हातातून गेल्यावर! हे वाचताना मला फार वाईट वाटलं होतं. एप्रिलमध्ये क्रिमियातून बाहेर पडताना त्यांच्या हातात प्रवेशबंदीचा कागद ठेवला. ३ मे ला ते क्रिमियाच्या हद्दीवरच्या अर्म्यान्स्कच्या नाक्यावर आले, पलीकडून हजारो लोक त्यांना घ्यायला आलेले, काहीजण पोलिसांचं कडं तोडून त्यांच्यापर्यंत पोचलेसुद्धा, पण आत काही सोडलं नाही. नंतर त्या लोकांपैकी कित्येकांना दंड झाले.

जेमिलेव्ह कीव्हला परतले, पुन्हा त्याच सभागृहात. १२ नोव्हेंबर २०१५ ला रादाने १९४४ ची ती हकालपट्टी म्हणजे नरसंहार होता असा ठराव केला. दुसऱ्या दिवशी त्यांना ७२ वर्षं पूर्ण होणार होती, आणि क्रिमियातल्या बख्चिसराय गावचं त्यांचं घर नाक्याच्या पलीकडे होतं.