“तुझ्याकडे किती डिग्री?” हा प्रश्न विचारणं मी का सोडलं

(कॅमेऱ्यासमोर, हातात फोन)

हा फोटो बघा. निळंभोर आकाश, ढगाचा एक तुकडा नाही, लख्ख ऊन पडलंय, झाडांच्या सावल्या लांबच लांब. कॅनडातल्या एडमंटनहून माझ्या मैत्रिणीनं जानेवारीत पाठवलाय. मी लगेच लिहिलं, “वा! काय सुंदर ऊन पडलंय!” तिचं एका ओळीत उत्तर आलं: “उणे 28.”

त्याच दिवशी डब्लिनच्या मित्राचा फोटो आला. करडं आभाळ, ओला रस्ता, रिपरिप पाऊस, तापमान 9. आणि दोघांत कुरकुर कोणाची जास्त? याचीच.

आमचा पाच जणांचा ग्रुप आहे. एडमंटन, डब्लिन, मेलबर्न, सिंगापूर, आणि पाचवी मी, सगळ्यांचे आकडे जमवणारी. कितीतरी दिवस आम्ही एकमेकांना फक्त आकडे पाठवत होतो. “तुझ्याकडे किती?” “माझ्याकडे इतके.” “बापरे.” संपलं बोलणं. आकडे खरे होते, पण त्यातून कोणाचा दिवस कसा चाललाय ते काही कळत नव्हतं. आज तेच उलगडू या, सुरुवात त्या उन्हापासून.

मराठीत ‘ऊन’ हा शब्दच ‘उष्ण’वरून आलाय. म्हणजे ऊन म्हटलं की ऊब आलीच, असं आपली भाषा धरून चालते. एडमंटनच्या जानेवारीत ही जोडी तुटते. तिकडे सगळ्यात कडाक्याची थंडी बहुतेक वेळा स्वच्छ, उन्हाच्या दिवशीच पडते. रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडत असते. वर ढग असले तर त्यातली बरीचशी ते खाली परत पाठवतात, पांघरुणासारखी. आकाश मोकळं असलं की सगळी गेली. सकाळी सूर्य येतो तो उशिरा, कमी वेळ आणि अगदी खालून. त्यात जमिनीवर ताजा बर्फ असला तर आलेल्या उन्हातलं बहुतेक तो परतवून लावतो. म्हणून माझी ही मैत्रीण जानेवारीत “आज ढग आलेत, जरा बरं वाटतंय” असं म्हणते, आणि ते तिथं अगदी बरोबर असतं.

आता सूर्य ‘खालून’ येतो म्हणजे नक्की किती खालून?

(टेबलावर पट्टी उभी धरून)

एक मीटरची काठी सपाट जमिनीवर सरळ उभी करायची आणि दुपारी सूर्य सगळ्यात वर असताना तिची सावली मोजायची. घड्याळातले बारा धरू नका, सावली सर्वांत आखूड होते तो क्षण धरा. 21 डिसेंबरला एडमंटनमध्ये ही सावली भरते 4.3 मीटर. त्याच दिवशी मेलबर्नमध्ये? 26 सेंटीमीटर. काठी तीच, सूर्यही तोच. एडमंटनमध्ये तो क्षितिजाच्या जेमतेम 13 अंश वर येतो, मेलबर्नमध्ये 75 अंशांहून जास्त. तिरपी किरणं पसरतात, त्यामुळे मेलबर्नमध्ये जेवढं ऊन एक चौरस मीटरवर पडतं, तेवढंच एडमंटनमध्ये चार चौरस मीटरहून जास्त जागेत वाटलं जातं. शिवाय हवेच्या जाड थरातून यावं लागतं ते वेगळंच. आणि दिवस केवढा? एडमंटनला साडेसात तासांचा, मेलबर्नला पावणेपंधरा तासांचा. कमी वेळ मिळतं आणि जेवढं मिळतं तेही पातळ.

हे सगळं पृथ्वीची आस 23.4 अंशांनी कललेली आहे म्हणून. शाळेत आपण सगळे हे शिकलो, आणि तरीही भल्याभल्यांना विचारा, “उन्हाळा का होतो?” उत्तर येतं, “पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून.” मला या चुकीचं काहीसं कौतुकच वाटतं, कारण ती अगदी सरळ विचारातून येते. शेकोटीजवळ गेलं की गरम होतं, हे आपण लहानपणापासून बघतोच. पण एक मेलबर्नचा मित्र असला की ही समजूत टिकत नाही. अंतरामुळे उन्हाळा होत असता तर तो त्याच्याकडे आणि एडमंटनला एकाच वेळी झाला असता. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे 14 कोटी 71 लाख किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला ती 50 लाख किलोमीटर लांब गेलेली असते. म्हणजे ती उणे 28 ची सकाळ आपण सूर्याला जवळजवळ सर्वांत जवळ असतानाची आहे!

मग डिसेंबर-जानेवारीत दक्षिण गोलार्धात उन्हाळाही आणि सूर्यही जवळ, तर तिकडचा उन्हाळा भयानक हवा ना? पृथ्वीवर एकूण ऊन त्या काळात जुलैपेक्षा सुमारे 7 टक्के जास्त पोचतं, हे खरं. पण दक्षिण गोलार्धाचा पाचातला चार भाग पाणी आहे, आणि पाणी सहजासहजी तापत नाही.

मेलबर्नवाल्याची आणखी एक गंमत सांगते. दुपारी त्याचा सूर्य उत्तरेला असतो. घर बघायला गेला तर तो विचारतो, “उत्तरेकडे खिडक्या आहेत का?” कारण हिवाळ्यात ऊन तिकडूनच घरात येणार. सूर्याकडे तोंड करून उभा राहिला तर सूर्य त्याच्या उजवीकडून डावीकडे सरकतो. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी एक कागद घेऊन आकृती काढली होती, खोटं कशाला बोलू.

आणि त्याचा एकच आकडा घेऊन तर अजिबात चालत नाही. उन्हाळ्यात उत्तरेकडून, म्हणजे खंडाच्या तापलेल्या पोटातून वारा आला की पारा चाळिशी गाठतो. मग दक्षिणेकडच्या समुद्रावरून थंड हवेची आघाडी येते आणि तासाभरात दहा-पंधरा अंश उतरतात. 7 फेब्रुवारी 2009 ला तिथं 46.4 अंशांची नोंद झाली आणि त्याच संध्याकाळी वारा फिरला. “आज किती?” असं विचारल्यावर तो उलट विचारतो, “वारा फिरण्याआधी की नंतर?”

बरं, आता डब्लिनच्या त्या ओल्या रस्त्याकडे येऊ. मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो.

(स्क्रीनवर जगाचा नकाशा, एक आडवी रेघ)

डब्लिन 53.3 अंश उत्तर. एडमंटन 53.5 अंश उत्तर. जवळजवळ एकाच रेषेवर. म्हणजे दोघांच्या काठ्यांची सावली वर्षभर जवळपास सारखीच पडणार. 21 डिसेंबरला डब्लिनचा दिवसही साडेसात तासांचाच. सूर्याकडून दोघांना मिळणारा वाटा सारखा. आणि जानेवारीचं सरासरी तापमान? डब्लिन 5 च्या आसपास, एडमंटन उणे 10 च्या आसपास. जुलैत पारडं फिरतं, एडमंटन डब्लिनपेक्षा थोडं उबदार होतं.

मधे काय आलं? समुद्र. एक किलो पाणी एक अंशानं तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या साधारण पाव भागात एक किलो कोरडी माती तेवढी तापते. आणि पाणी ढवळलं जातं, त्यामुळे ऊन समुद्राच्या कितीतरी मीटर खोलीत साठतं, तर जमीन वरच्या पातळ थरातच तापते आणि तेवढ्याच घाईनं निवते. डब्लिनला वारा बहुतेक पश्चिमेकडून, अटलांटिकवरून येतो, आणि तोही उत्तरेकडे कोमट पाणी वाहून आणणाऱ्या प्रवाहावरून. एडमंटनच्या पश्चिमेलाही महासागर आहे, पॅसिफिक. पण मधे रॉकी पर्वत आडवे, आणि उत्तरेकडून ध्रुवाकडची हवा यायला मैदान मोकळं.

याचा कडेलोट बघायचा तर सैबेरियातलं वर्खोयान्स्क. समुद्राच्या ऊबदार हाताबाहेर गेलेलं गाव. 1892 मध्ये तिथं उणे 67.8 नोंदलं गेलंय आणि 20 जून 2020 ला अधिक 38. एकाच गावात शंभराहून जास्त अंशांचा फरक!

समुद्र आणखी एक घोळ घालतो, तो तारखांचा. सर्वांत मोठा दिवस 21 जूनच्या सुमाराला, मग सर्वांत गरम दिवसही तेव्हाच का नाही? मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्यानंतर सूर्य जवळपास सारख्याच उंचीवर असतो, पण डब्लिनवाला मेमध्ये अजून जाकीट घालून फिरतो. जमीन, आणि त्याहून जास्त समुद्र, मागच्या थंडीतून अजून बाहेर यायचा असतो. सॅन फ्रान्सिस्कोत तर हे इतकं ताणलं जातं की सर्वांत उबदार महिना सप्टेंबर असतो. जून-जुलैत किनाऱ्याजवळ खोलातलं गार पाणी वर येतं, त्यावर धुकं धरतं आणि पर्यटक कुडकुडत स्वेटर शोधत हिंडतात.

सिंगापूरचा मित्र मात्र या सगळ्या गप्पांत गप्प बसायचा. विषुववृत्तापासून जेमतेम 1.3 अंशांवर. वर्षातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत फरक फक्त नऊएक मिनिटांचा. “आज किती?” “31.” “उद्या?” “31, नाहीतर 32.” आम्ही त्याची थट्टा करायचो की तुझ्याकडे ऋतूच नाहीत. एकदा तो वैतागला आणि म्हणाला, “तुम्ही चुकीची सुई बघताय.” त्याच्याकडे ऋतू पाऱ्यात नाही, वाऱ्यात आहे. डिसेंबरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत वारा ईशान्येकडून, जूनपासून सप्टेंबरपर्यंत दक्षिणेकडून. मधल्या महिन्यांत वारा मंद, आणि मग दुपारी विजांसह कोसळणारा पाऊस. वर्षाच्या काही भागात सुमात्राच्या बाजूनं वादळी ढगांची रांग येते, ती पहाटेच झोपमोड करते. पाऊस कोणत्या वेळी पडतो यावरून तो महिन्याचा अंदाज बांधतो.

आणि त्याच्या 31 मधे दमटपणा धरलेलाच नाही. इथं एक सल्ला देते: आर्द्रतेची टक्केवारी एकमेकांना पाठवू नका, फसाल. बाहेर शून्य अंश आणि 100 टक्के आर्द्रता असली तरी एक घनमीटर हवेत वाफ असते साधारण 5 ग्रॅम. 30 अंश आणि 50 टक्क्यांना ती असते 15 ग्रॅम. म्हणजे टक्के निम्मे, वाफ तिप्पट! थंड प्रदेशात घर तापवलं की ओठ फुटतात ते म्हणूनच. शून्य अंशाची ती ‘100 टक्के’ हवा घरात येऊन 20 अंशांना पोचली की आर्द्रता 30 टक्क्यांच्याही खाली जाते. विचारायचंच असेल तर दवबिंदू विचारा, म्हणजे हवा किती अंशांपर्यंत निवली की दव धरेल ते. दवबिंदू 10 असेल तर 35 अंशांतही घाम वाळतो. 24-25 असेल तर 30 अंशांत कपडे अंगाला चिकटतात. हवामानाच्या बहुतेक ॲपमध्ये तो असतो, कोणी बघत नाही इतकंच.

पावसाच्या आकड्यांचंही तसंच. पावसाचं शहर म्हणून लंडनचं नाव निघतं, पण तिथं वर्षाला साधारण 600 मिलिमीटर पडतो. सिडनीत आणि न्यूयॉर्कमध्ये त्याच्या जवळपास दुप्पट. लंडनचा पाऊस भुरभुर येतो, उघडतो, परत येतो, आणि ढगाळ दिवस लक्षात राहतात. मिलिमीटर कोणाच्या लक्षात राहतात?

जाता जाता फॅरेनहाइटवाल्यांविषयी. ग्रुपमध्ये अमेरिकेतलं कोणी असेल तर दोन जोड्या पाठ करा: 28 म्हणजे 82 आणि 16 म्हणजे 61. आकडे उलटे केले की झालं, बाकी अंदाजानं. उणे 40 ला दोन्ही मोजपट्ट्या एकच आकडा दाखवतात, पण तेव्हा भांडायला कोणी बाहेर नसतं.

आता आमच्या ग्रुपमध्ये मी काय विचारते? रात्री पारा किती उतरला. सूर्य किती वाजता मावळला. दवबिंदू किती. वारा कुठून आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे तुमच्याकडे या दिवसांत नेहमीचं आहे का? जुलै 2022 मध्ये इंग्लंडमध्ये पहिल्यांदा 40 च्या वर तापमान गेलं, कॉनिंग्सबीला 40.3. जगात 40 रोज सोसणारी शहरं आहेत. पण उष्णता आत धरून ठेवायला बांधलेल्या घरात, पंख्याशिवाय, तो 40 काढायचा म्हणजे गोष्टच वेगळी.

तर येत्या 22-23 सप्टेंबरला एक काम करा. त्या सुमाराला जगात जवळपास सगळीकडे दिवस बारा तासांचा असतो. किंचित जास्तच, कारण हवा किरणांना वाकवते आणि सूर्य क्षितिजाखाली असतानाच दिसू लागतो. आपल्या लांबच्या मित्रांना एक मीटरची काठी उभी करायला सांगा आणि सर्वांत आखूड सावली मोजायला सांगा. सिंगापूरवाल्याला ती सापडायची पंचाईत, दोनेक सेंटीमीटर. मेलबर्नमध्ये 78 सेंटीमीटर, आणि तीही दक्षिणेकडे पडलेली. डब्लिन 1.34 मीटर, एडमंटन 1.35, दोन्ही उत्तरेकडे. त्या दिवशी ढगाळ असलं तर दुसऱ्या दिवशी मोजा, एडमंटनलासुद्धा फरक दोनच सेंटीमीटरचा पडतो. डब्लिनवाल्याला मात्र दोन-चार दिवस हाताशी ठेवायला सांगा.