फोडणी ऐकायची असते

श्रोतेहो, नमस्कार.

आत्ता तुमच्यापैकी काहीजणींचा रेडिओ ओट्याजवळच्या फळीवर असेल आणि गॅसवर काहीतरी चढवलेलं असेल. एक विनंती करते. रेडिओचा आवाज जरा कमी करा आणि कढईत काय चाललंय ते मिनिटभर नुसतं ऐका. कशासाठी ते पुढे येईलच.

मी अठ्ठावीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. "बाई, मला गणित येतच नाही" असं पहिल्याच दिवशी जाहीर करणारी मुलं दरवर्षी असायची. त्यांना मी सांभाळून घेतलं, बहुतेकांना पासही केलं. पण नवऱ्याला वरण-भात शिकवायची वेळ आली, तेव्हा तिसऱ्याच दिवशी मी रडकुंडीला येऊन मागच्या दारात बसले होते.

आमचे हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. माणूस आळशी अजिबात नाही. पंखा, नळ, मिक्सर, शेजाऱ्यांची स्कूटर, काहीही उघडून बसतील. स्वयंपाकघरात मात्र यायचं ते पाणी प्यायला. प्यायचं, भांडं ओट्यावर ठेवायचं आणि बाहेर. आधी आईच्या हातचं खाल्लं, मग माझ्या हातचं. मधे बदलीच्या गावी डेपोजवळची खानावळ होती. बासष्ट वर्षं अशी गेली.

गेल्या वर्षी मुलीचं बाळंतपण आलं. तिचा दवाखाना पुण्यात, त्यामुळे मीच तिकडे जायचं ठरलं. निदान दीड महिना. हे म्हणाले, "जा की निवांत. खानावळ आहे." पण त्याच सुमाराला ह्यांची शुगर निघाली होती. दीड महिना दोन्ही वेळा खानावळीची तर्री, हे काही माझ्या मनाला पटेना. हाताशी तीन महिने होते. म्हटलं, शिकवते.

आता शिकायला नाखूश माणूस कसा असतो, ते सांगते. तो नाही म्हणत नाही. तो म्हणतो, "मला जमत नाही गं ते." कांदा चिरायला दिला की एका कांद्याला वीस मिनिटं लावतो. दुधाकडे बघा म्हटलं तर बघतो, अगदी उतू जातानासुद्धा बघतच राहतो. मग आपण चिडतो आणि म्हणतो, "द्या इकडे!" संपलं. तो सुटला. आमच्या घरात हे "द्या इकडे" बत्तीस वर्षं चाललं, आणि ते म्हणणारी मी होते, हे कबूल करायला पाहिजे. ओटा माझा, डबे माझे, त्यात दुसऱ्याचा हात मलाच खपत नव्हता.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली माणसांचा दिवस कसा जातो याची पाहणी केली होती. घरचं विनामोबदला काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७. आणि ही ९७ मिनिटं फक्त काम करणाऱ्या पुरुषांची. असे पुरुष शंभरात सव्वीस. मी आकडे ह्यांना वाचून दाखवले. हे म्हणाले, "बघ, मी एकटा नाही."

तर पहिला आठवडा भांडणात गेला. भांडण एकाच शब्दावर, अंदाज.

"मीठ घाला अंदाजानं."

"अंदाज म्हणजे किती?"

"कांदा चांगला परता."

"चांगला म्हणजे कुठवर?"

"रंग बदलेपर्यंत हो!"

"कुठला रंग? आणि अंदाजानं नट आवळत बसलो असतो तर एक तरी गाडी घाट चढली असती का?"

मला राग आला. रात्री विचार करताना मात्र पटलं, की माणूस बरोबर बोलतोय. गणिताच्या तासाला मी कधी "उत्तर अंदाजानं लिहा" म्हटलं होतं का? बरं, मी तरी कुठे आईच्या पोटातून अंदाज घेऊन आले होते? लग्नात मला कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' मिळालं होतं. १९७० साली आलेलं ते पुस्तक माझ्यासारख्या किती नवख्या मुलींच्या मदतीला आलं, कारण त्यात मापं होती आणि ती वाटीची, चमच्याची होती. पहिली दोन वर्षं मी ते ओट्यावर उघडं ठेवून रांधलं. पुढे हात बसला आणि मी मापं विसरले.

दुसऱ्या दिवशी मी एक प्रयोग केला. भाजीत घालायला उचललेलं मीठ भाजीत न घालता चमच्यात सोडलं. मिसळणाच्या डब्यातला छोटा चमचा शिगोशीग भरला. संध्याकाळी पुन्हा तसंच केलं, पुन्हा तेवढंच. म्हणजे माझ्या अंदाजाला माप होतं, मलाच ते ठाऊक नव्हतं! मग वहीत लिहायला घेतलं. तांदूळ एक वाटी, पाणी दोन वाट्या. तूरडाळ अर्धी वाटी, हळद पाव चमचा, हिंग चिमूटभर. इथे ह्यांनी "चिमूट म्हणजे?" विचारलंच. हिंगाला चमचा नसतो, म्हटलं, जास्त पडला तर खाताना कळेल.

वही झाली तरी ओढ लागली नव्हती. ती लागली कुकरमुळे. एक दिवस शिटी होईना, बाजूनं वाफ निघत होती. हे पेपर टाकून आत आले, गॅस बंद केला, वाफ पूर्ण बसू दिली आणि झाकण उघडून रिंग बाहेर काढली. "रिंग कडक झालीय. किती वर्षं वापरतेस ही?" मग कुकर या विषयावर अर्धा तास भाषण. आत दाब वाढतो, त्यामुळे पाणी शंभरच्या पुढे जाऊन १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते. शिटी म्हणजे जादाचा दाब बाहेर पडणं, ते काही घड्याळ नव्हे. गॅस मोठा असेल तर शिट्या भराभर होतील आणि डाळ कच्चीच राहील. मी इतकी वर्षं तीन शिट्या मोजत होते. डाळ कधी गुरगुट्या, कधी टचटचीत का, ते मला त्या दिवशी कळलं. ह्यांनी नवी रिंग आणली, बसवली आणि पहिला कुकर स्वतः लावला.

मग माझ्या डोक्यात आलं. हा माणूस बॉनेट न उघडता, नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगायचा. मी त्याला रंग बघा, वास घ्या म्हणत होते, आणि त्याची खरी हुशारी होती कानात.

फोडणी करायला उभे केले आणि सांगितलं, बघू नका, ऐका. तेल तापलं, दोन दाणे मोहरी टाकली. गप्प. "तेल थंड आहे," हे म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा दोन दाणे. तडतड! "आता प्रेशर आलं." खरंच आहे ते, दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होते आणि साल फुटतं. मग सगळी मोहरी. तडतड वाढली आणि ओसरायला लागली, तेवढ्यात जिरं, हिंग, आणि गॅस बारीक करून शेवटी हळद, कारण ती लगेच जळते. ओला कढीपत्ता पडला तसे हे दोन पावलं मागे. मग कांदा, चर्र! "हा आवाज लक्षात ठेवा. कांद्यातलं पाणी निघतंय तोवर तो मोठा राहील. पाणी आटलं की खाली बसेल." हे मान तिरकी करून, डोळे मिटून उभे. चारेक मिनिटांनी म्हणाले, "बसला." डोळे उघडले तर कांदा छान गुलाबी झालेला.

आपल्या भाषेनं तर हे सगळं आधीच करून ठेवलंय हो. मोहरी तडतडते, वरण खदखदतं, आमटी रटरटते, पिठलं फदफदतं. चहाचं पाणी आधी सूं सूं करतं, मग आवाज पडतो आणि उकळी फुटते. हे शब्द मी वहीत पदार्थासमोर लिहिले. रंगापेक्षा ते उपयोगी पडले.

यानंतरचा धडा मला होता, बाहेर बसायचा. मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर आणि आत फोडणी. एकदा हळद आधी पडली, करपट वास आला, मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसले. "द्या इकडे" अगदी ओठांवर आलं होतं. त्या दिवशी आम्ही करपलेली आमटी खाल्ली. नंतर हळद कधी आधी पडली नाही.

पोळ्या मी शिकवल्या नाहीत. तीन महिन्यांत पोळी येत नाही, आणि आमच्या कोपऱ्यावर पोळी-भाजी केंद्र आहे. भाकरीचा हट्ट ह्यांनीच धरला. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नसतो, म्हणून कढत पाण्यात मळायचं, हे पटलं, पण भाकरी परातीतून उचलताना तिचे जिल्हे व्हायचे. ते राहू दिलं.

एक गोष्ट मात्र मी सांगायचीच विसरले, आणि ती पुण्याला गेल्यावर कळली. बुधवारी सकाळी फोन. "अगं, मटकी दोन तास शिजवतोय, अजून दाताखाली कडक." सुकी मटकी तशीच चढवली होती! मी सांगितलं, बुधवारची उसळ सोमवारी रात्री सुरू होते. रात्रभर भिजवायची, सकाळी उपसून फडक्यात बांधायची, थंडीत मोड यायला आणखी वेळ. हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे तू रोज रात्री हे डोक्यात घेऊन झोपायचीस?" मी काय बोलणार?

पुढच्या आठवड्यात दुपारी पुन्हा फोन. नात मांडीवर होती, नुकतीच झोपलेली. "काही बोलू नकोस, नुसतं ऐक," म्हणाले आणि फोन कढईजवळ धरला. पिठलं होतं. बुडबुडे भराभर येत होते, आवाज पातळ. मी हळूच म्हटलं, "अजून कच्चं आहे हो. जरा थांबा."

"मला माहितीय," हे म्हणाले. "तुला फोनवरून कळतंय का, ते बघत होतो."

बरं, थांबते आता. तुमची कढई बघा. नमस्कार.