आधी वारा, मग पक्षी

नमस्कार श्रोतेहो. फोटोंबद्दल रेडिओवर बोलायचं म्हणजे दाखवायला काहीच हातात नसतं. पण उडत्या पक्ष्यांच्या बाबतीत मला ती मोठी अडचण वाटत नाही. त्या फोटोचं निम्म्याहून अधिक काम कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच झालेलं असतं, आणि ते नुसतं सांगूनही कळतं.

स्थलांतरित पक्ष्यांच्या अभयारण्यात पाऊल टाकलं की सगळ्यांच्या नजरा पक्षी शोधू लागतात. मी म्हणेन, आधी गवताचे शेंडे कुठल्या बाजूला झुकलेत ते बघा. पक्षी उडतो आणि उतरतो तो शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून. समोरच्या वाऱ्यावर पंखांना उचल मिळते आणि उतरताना वेगही आपोआप मोडतो. म्हणजे वारा तुमच्या पाठीमागून तळ्याकडे वाहत असेल, तर उतरणारा थवा तुमच्याकडेच तोंड करून येणार. त्यात सूर्यही पाठीशी असला तर चेहरा, छाती, डोळ्यातली चमक, सगळं पदरात पडतं. उलट वारा तुमच्या तोंडावर येत असेल, तर दिवसभर शेपट्यांचे फोटो काढत बसाल. अशा वेळी जागा बदलावी. महागडी लेन्स त्यावर इलाज नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पक्षी उडण्याआधी तसं सांगतो. क्रौंच पाहा. ज्या दिशेला जायचं तिकडे वळून, अंग पुढे झुकवून, मान लांब ताणून ते काही क्षण उभे राहतात. ही खूण दिसली की बोट बटणावर हवं. हंस आणि बदकं उडण्यापूर्वी डोकी हलवू लागतात, एकाचं पाहून दुसरा, आणि मग सगळा घोळका. बदकांमध्येही तऱ्हा आहेत. थापट्या किंवा तलवार बदक उथळ पाण्यात चोच बुडवून चरणारी, ती पाण्यावरून एकदम सरळ वर उसळतात. त्यांच्यासाठी चौकटीत वर जागा सोडावी लागते. पाण्यात बुडी मारणारी बदकं आणि वारकरी पक्षी मात्र पाण्यावर थपथप पाय आपटत लांबवर धावतात, मग हवेत उठतात. तिथे जागा समोर सोडायची. आणि हंसांचा एक प्रकार तर पाहण्यासारखाच. उंचावरून झटकन खाली यायचं असलं की ते हवेतच अंग उलटं करतात, पोट आकाशाकडे, पाठ जमिनीकडे, आणि डोकं मात्र सुलटं! असा फोटो पाहिला की लोकांना ती संगणकावरची करामत वाटते.

आता यंत्राकडे वळू, थोडक्यात. मोठ्या पक्ष्याला शटरचा वेग साधारण १/२००० सेकंद ठेवावा, चपळ बदकांना किंवा पाकोळ्यांना १/३२०० तरी हवा. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, वाढवावी लागली तर वाढू द्या. दाणेदार पण स्पष्ट पक्षी पुसट पक्ष्यापेक्षा केव्हाही बरा. नवे कॅमेरे पक्ष्याचा डोळा स्वतःच ओळखून त्यावर फोकस धरून ठेवतात, ते वापरावं, त्यात कमीपणा नाही. फसवणूक होते ती उजेडात. पक्षी पांढुरक्या आकाशासमोर असला की कॅमेरा आकाशाकडे बघून फोटो काळवंडवतो. तोच पक्षी गडद झाडीसमोर आला की फोटो वाजवीपेक्षा उजळतो आणि पांढऱ्या पिसांचा तपशील पुसून जातो. खरं तर पक्षी तोच, त्याच्या अंगावरचा उजेडही तोच, बदलली ती फक्त मागची बाजू. म्हणून एकसारखं ऊन असेल तर उजेड एकदाच मोजून सेटिंग हाताने पक्कं करावं. ऊन तापल्यावर पाण्यावरून आणि जमिनीवरून गरम हवेच्या लाटा उठतात. त्यातून काढलेला लांबचा फोटो कुठल्याही लेन्सने धारदार येत नाही. तेव्हा खुशाल जेवून घ्यावं.

ही सगळी धडपड आजची नाही. एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. नेम धरून चाप ओढला की एका सेकंदात १२ चित्रं! त्याला शोभेचा फोटो नको होता, पंख नेमके कसे हलतात ते बघायचं होतं. आजचे कॅमेरे सेकंदाला वीस-तीस चित्रं सहज काढतात, पण पंखांचं कोडं तसंच आहे. पंख पूर्ण वर किंवा पूर्ण खाली असताना पक्षी डौलदार दिसतो. ते समोर आडवे आले की त्यांची नुसती एक रेघ उरते. ढीगभर चित्रांतून एखादंच ठेवायचं, यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

आता ज्यासाठी हे बोलायला घेतलं ते सांगतो. पक्षी बसून आहेत, उडत नाहीत, म्हणून टाळ्या वाजवणारे, खडा टाकणारे, थव्यात घुसणारे लोक असतात. हे पक्षी तिथे कशासाठी उतरलेले असतात? २०२२ मध्ये गॉडविट जातीचा, जेमतेम पाच महिन्यांचा एक पक्षी अलास्काहून निघाला आणि कुठेही न थांबता ११ दिवसांत ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाला पोचला. अंतर १३,५६० किलोमीटर. अंगावर साठवलेल्या चरबीवर असे प्रवास होतात. सगळेच पक्षी एवढा पल्ला गाठत नाहीत, पण हिशोब सगळ्यांचा तोच. मुक्कामाच्या तळ्यावर ती चरबी पुन्हा जमवायची असते, आणि आपण उगाच उडवलेला प्रत्येक थवा त्यातूनच खर्च करतो. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०३ मध्ये फ्लोरिडातलं पेलिकन बेट राखीव केलं. टोप्यांवरच्या पिसांसाठी पाणपक्ष्यांची बेसुमार कत्तल चालली होती, तो तो काळ. बंदुकीपासून वाचवलेल्या जागेत कॅमेऱ्याने छळ मांडावा, हे मला तरी पटत नाही.

शिवाय फोटो म्हणूनही त्यात काही हाती लागत नाही. घाबरलेला पक्षी तुमच्यापासून दूर पळतो, म्हणजे पुन्हा शेपटीच. स्वतःच्या मर्जीने येणारा पक्षी समोरून येतो, पाय पुढे सोडून, पंख पसरून. तेव्हा आपलं जवळ जाणं पक्ष्यांना ठरवू द्यावं. चरणाऱ्या थव्याने एकदम माना वर केल्या की थांबायचं. त्या परत खाली गेल्या तर ठीक, नाही गेल्या तर चार पावलं मागे. जिथे गाडीचा रस्ता आहे तिथे गाडीतच बसावं. उभ्या माणसाइतकी गाडीची भीती पक्ष्यांना वाटत नाही. इंजिन बंद, खिडकीवर वाळूची किंवा धान्याची पिशवी, तिच्यावर लेन्स.

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या बॉस्के देल अपाचे अभयारण्यात हिवाळ्यात हजारो पांढरे स्नो गूज हंस आणि सँडहिल क्रौंच रात्री उथळ पाण्यात उभे राहून झोपतात. पाण्यातून शिकारी आला तर चाहूल लागते, म्हणून. पहाटे हंसांचा सगळा थवा एकाच वेळी उठतो, आणि त्याच्यासाठी जमलेली गर्दी तेवढ्यानंतर सामान आवरू लागते. माझं म्हणणं, तुम्ही थांबा. क्रौंच सावकाश निघतात, दोन-दोन, तीन-तीन करून, बऱ्याचदा कुटुंबानं. तिघांचा गट दिसला तर तिसऱ्याच्या कपाळाकडे बघा. लाल टिळा नसेल, डोकं तपकिरी असेल, तर ते त्याच वर्षीचं पिल्लू. चौकट तिघांच्या मापाची ठेवा आणि फोकस पुढच्यावर धरा.