झिंगाट लक्षात राहिलं, रांगोळीचं काय?

नमस्कार मंडळी. आज सिनेमाबद्दल बोलायचंय, आणि तो सिनेमा तुमच्यातल्या बहुतेकांनी बघितलेलाच असणार, २९ एप्रिल २०१६ ला आलेला नागराज मंजुळेंचा 'सैराट'.

मी तो तालुक्याच्या गावी बघितला. भर उन्हाळा, पंखे नुसते घरघरणारे, आणि शेजारी माझी मावशी, जी आयुष्यात चौथ्या-पाचव्यांदा थेटरात आली असेल. झिंगाट लागलं आणि पोरं खुर्च्या सोडून पडद्यापुढं नाचायला धावली, शिट्ट्या काय, नाणी काय, मावशीपण टाळ्या वाजवत होती. आणि मग तो शेवट. घर सोडून जातीबाहेर लग्न केलेली आर्ची दारात रांगोळी काढतेय, माहेरची माणसं पिशव्या घेऊन येतात, आईनं पाठवलंय म्हणतात, चहापाणी होतं, आणि नंतर पडद्यावरचा आवाजच बंद होतो. तिचं बारकं पोरगं रडत रडत बाहेर येतं, आईबापाच्या रक्तानं माखलेली त्याची ती लाल पावलं. मगाशी नाचणारी पोरं तिथंच होती, पण कोणी उठेचना. मावशीनं पदर तोंडाला लावलेला. बाहेर रसवंतीपाशी आल्यावर एवढंच म्हणाली, "आपल्यातबी असंच हाय गं."

कुणाबद्दल बोलली, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण आमच्या घरात हा विषय त्या दिवसापर्यंत कधी निघालाच नव्हता, आणि तो काढला एका सिनेमानं.

त्याच्या आधी २०१४ ला मंजुळेंचाच 'फँड्री' आलेला. त्यात जब्या नावाच्या शाळकरी पोराचं कैकाडी कुटुंब डुक्कर धरायला धावतंय, गाव गंमत बघायला जमलंय, आणि मधेच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, तसं अख्खं कुटुंब घामाघूम अवस्थेत जागच्या जागी ताठ उभं राहतं. त्या सीनला काही जण हसले होते, मला आठवतंय. मग शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड सरळ आपल्याच अंगावर येतो, तेव्हा कोणी हसलं नाही.

आता भाषेत काय झालं बघा. सैराट म्हणजे बेभान, मोकाट, असा शब्द होता. आज पेपरात 'सैराटची पुनरावृत्ती' अशी हेडलाइन आली की बातमी न वाचताच कळतं, कुठंतरी जातीबाहेर लग्न केलं म्हणून पोरीला नाहीतर तिच्या नवऱ्याला घरच्यांनीच मारलंय. आधी आपण ऑनर किलिंग म्हणायचो, त्यातली इज्जत कुणाची तर मारणाऱ्याची! नवा शब्द निदान मेलेल्यांच्या बाजूचा आहे. पण मला भीतीपण वाटते, कारण खऱ्या पोरीच्या खुनाला सिनेमाचं नाव लागलं की ती बातमी गोष्टीसारखी वाचली जाते आणि आपण पान उलटतो.

सिनेमातलं काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे पण शेवटी आपणच ठरवतो ना. २०१८ ला हिंदीत याचाच रिमेक झाला, 'धडक', गोष्ट उदयपूरला नेली, गाणं ठेवलं, पण जात इतकी पुसट केली की भांडण नेमकं कशाचं हेच नीट कळेना. बरं, त्याच वर्षी मार्चमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात स्पेशल सेल पाहिजे, राहायला सेफ हाऊस पाहिजे. ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात असं काही चाललं असेल, पोरगा-पोरगी घाबरून बसली असतील, तर हे त्यांच्यापर्यंत पोचवा, एवढी कळकळीची विनंती आहे. सिनेमा थेटरभर माणसं रडवू शकतो, पण रात्री दार वाजल्यावर तो येत नाही, तिथं पोलिसच लागतात आणि शेजारी लागतात.

आणि झिंगाट तर काय, प्रत्येक वरातीत वाजतंय. जातीतलं, पोटजातीतलं, पत्रिका जुळवून केलेलं लग्न असतं आणि डीजेवर तेच गाणं.

मागच्या वर्षी आमच्याकडच्या अशाच एका वरातीत सगळे नाचत होते, मावशी मात्र मांडवाच्या कडेला खुर्ची घेऊन बसलेली. मी हात धरून ओढलं, चल म्हणलं थोडं. तिनं हात सोडवून घेतला. म्हणाली, "नको गं, हे गाणं लागलं की मला त्या लेकराची पावलंच दिसत्यात."