पडलेली स्कूटर पुन्हा रस्त्यावर आणण्याआधी

नमस्कार, श्रोतेहो.

वळणावर वाळू पसरलेली असते, रस्त्यावर कुठे ऑइल सांडलेलं असतं, नाहीतर पुढचा एकदम ब्रेक मारतो. आपला वेगही फार नसतो. तरी स्कूटर आडवी होते आणि तिच्याबरोबर आपणही. चार माणसं धावत येतात, कोणी गाडी उचलतं, कोणी आपल्याला हात देतं. आपण कपडे झटकतो, स्टार्टर दाबतो, गाडी सुरू होते. मग जमलेल्यांपैकी एकजण हमखास म्हणतो, "काही झालं नाही, नुसतं खरचटलंय."

या "काही झालं नाही"बद्दल आज मला बोलायचं आहे. स्कूटर दुरुस्तीच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आणि पडलेल्या गाड्या मी खूप उघडून पाहिल्या. इंजिन सुरू झालं म्हणजे इंजिन चालू आहे, एवढंच त्यातून कळतं. पुढचं चाक सरळ आहे का, ब्रेक धरेल का, मूठ सोडल्यावर रेस खाली येईल का, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

पण गाडीच्या आधी माणूस. पडल्यानंतर थोडा वेळ अंग गरम असतं, दुखणं जाणवत नाही. रस्त्याच्या कडेला बसा. दोन्ही मनगटं फिरवून बघा, मुठी आवळून बघा. ब्रेक दाबायला तेच हात लागणार आहेत. डोक्याला मार लागला असेल, गरगरत असेल, मळमळत असेल, तर ती गाडी तुम्ही चालवायची नाही. दुसऱ्याच्या मागे बसून सरळ डॉक्टरकडे जा.

गाडी उचलण्याआधी किल्ली बंद करा. हे मी मुद्दाम सांगतो, कारण गिअर नसलेल्या स्कूटरला क्लच दाबून थांबवायची सोय नसते. इंजिन चालू असताना उचलणाऱ्याने हँडलची उजवी मूठ धरली आणि ती नकळत पिळली गेली, तर गाडी त्याच्या हातातून पुढे झेप घेते. मदतीला आलेल्या माणसाच्या अंगावर गाडी गेलेली मी पाहिली आहे.

उभी केली की आधी वास घ्या. आडव्या पडलेल्या कार्बोरेटरच्या गाडीतून थोडं पेट्रोल बाहेर येतं. ते पुसा आणि वास जाईपर्यंत थांबा. वास जातच नसेल, तर पाइप निघाला आहे किंवा टाकीचं झाकण नीट बसलेलं नाही. अशा वेळी स्टार्टरला हात लावू नका. फ्युएल इंजेक्शनच्या काही गाड्यांत गाडी कलंडली की इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. अशी गाडी सुरू होत नाही म्हणून लोक घाबरतात. किल्ली बंद करून पुन्हा चालू केली की बहुतेक वेळा ती सुरू होते. गाडी बराच वेळ आडवी असेल, तर ऑइल एअर फिल्टरपर्यंत गेलेलं असतं आणि सुरुवातीला थोडा पांढुरका धूर येतो. तो लवकर थांबला पाहिजे. मग गाडी सपाट जागेवर मेन स्टँडवर घेऊन ऑइलची पातळी बघा. तुमची स्कूटर विजेवर चालणारी असेल आणि बॅटरीच्या पेटीला तडा गेला असेल, पेटी गरम लागत असेल किंवा वेगळाच वास येत असेल, तर ती चार्जिंगला लावू नका आणि घरातही ठेवू नका.

आता तपासणी. आपली नजर पहिल्यांदा ओरखड्यांवर जाते. रंग गेला, आरसा फुटला, इंडिकेटर लोंबकळतोय. हे दिसतं म्हणून सलतं. मी मात्र गाडी घेऊन येणाऱ्याला पहिला प्रश्न एकच विचारतो: घसरून पडलात की धडकून पडलात? घसरलेली गाडी तिच्या बाहेर आलेल्या टोकांवर आपटते. आरसा, ब्रेकचा लिव्हर, मुठीचं टोक, सायलेन्सर, किक आणि स्टँड ही ती टोकं. धडकलेल्या गाडीचा मार पुढच्या चाकातून वर चढतो. चाक, फोर्क म्हणजे चाक धरणारे दांडे, टी म्हणजे ते दांडे वर जोडणारा तुकडा, कोन सेट म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या गोळ्या-वाट्या, आणि मग चेसिसची मान, म्हणजे सांगाड्याची हँडल पेलणारी पुढची नळी. मार कुठून आत शिरला आणि कुठे जाऊन थांबला, तो रस्ता बोटाने धरत धरत जायचं.

एक गाडी अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. एक बाई पुढचं मडगार्ड बदलायला आल्या होत्या. तीन आठवड्यांपूर्वी कुणाच्या तरी मागून धडकल्या होत्या, हळूच. मडगार्ड चिरलं होतं, बाकी गाडी चकाचक. मडगार्ड काढलं, आणि का कोण जाणे, पुढचा पत्राही काढला. मानेखाली, जिथे जाड नळी खाली वळते, तिथे रंगाला आडवी सुरकुती पडली होती. केसाएवढी. नख फिरवलं तर अडकत होतं आणि सुरकुतीच्या कडेला गंजाची बारीक तांबडी रेघ आली होती. मागच्या सीटवर मुलाचं दप्तर बांधायची दोरी होती. मी म्हटलं, "ताई, ही गाडी आज इथून जाणार नाही." त्यांना वाटलं मी काम वाढवतोय. मग टॉर्च त्यांच्या हातात दिला आणि त्यांनी स्वतः वाकून पाहिलं.

त्या सुरकुतीचा अर्थ असा की नळी वाकली होती. लोखंड वाकतं, पण वरचा रंग तेवढा ताणला जात नाही, म्हणून तो आधी फाटतो. तुमची गाडी धडकली असेल तर पुढचा पत्रा काढून मान आणि तिच्याजवळचे वेल्डिंगचे जोड बघून घ्या. मेकॅनिक म्हणाला गरज नाही, तरी आग्रह धरा.

हँडलची तपासणी घरीच करता येते. गाडी मेन स्टँडवर लावा, कुणाला तरी मागची सीट दाबायला सांगा, म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. आता हँडल दोन बोटांनी, अगदी सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. ते लोण्यासारखं फिरलं पाहिजे. मध्यावर, चाक सरळ होतं नेमकं तिथे, खाचेत बसल्यासारखं अडखळत असेल तर कोन सेटमधल्या गोळ्यांनी वाटीला खड्डे पाडले आहेत. अशी गाडी सरळ रस्त्यावर सारखी हलके हलके डुलते आणि चालवणारा उगाच रस्त्याला दोष देतो. मग फोर्क खालून दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवा. कट् कट् असं लागलं तर कोन सेट ढिला आहे.

यानंतर पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून वरून बघा. चाक सरळ आणि हँडल तिरकं दिसलं तर दर वेळी फोर्क गेला असं नाही. टेलिस्कोपिक फोर्क, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा फोर्क असेल, तर त्याचे दोन पाय टीमध्ये नुसते पिळलेले असू शकतात. बोल्ट आणि एक्सल, म्हणजे चाकाचा आस, सैल करून, सरळ करून, पुन्हा नीट आवळले की काम होतं. पण पाय खरोखर वाकला असेल तर तो बदलायचाच. तापवून, ठोकून सरळ केलेला फोर्क मी आजवर कुणाच्या गाडीला बसवलेला नाही. एकदा वाकून सरळ केलेलं लोखंड पुढच्या खड्ड्यात काय करेल, याची खात्री मला स्वतःला देता येत नाही.

चाक फिरवून बघायला काडी पुरते. फोर्कला एक काडी अशी बांधा की तिचं टोक रिमच्या कडेला जेमतेम लागू नये. मग चाक फिरवा आणि फट कुठे कमी-जास्त होते ते बघा. बहुतेक गाड्यांत २ मिलिमीटरपर्यंतची डुलणी चालते, त्यापुढे नाही. ट्यूबलेस टायर असेल तर रिमच्या काठावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले की तिथून हवा जातेय, काठ वाकलेला असू शकतो. टायरच्या बाजूला फुगवटा किंवा काप दिसला तर टायर बदला.

आता रेस. मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती हिची. घसरलेल्या गाडीच्या उजव्या मुठीचं टोक घासून आत सरकतं आणि मुठीचं रबर हँडलच्या टोकाला बसवलेल्या वजनाला चिकटून बसतं. बाहेरून सगळं ठीक दिसतं. इंजिन बंद ठेवून मूठ पूर्ण पिळा आणि सोडून द्या. ती खट् करून जागेवर आली पाहिजे. हँडल सरळ असताना, पूर्ण डावीकडे असताना आणि पूर्ण उजवीकडे असताना, तिन्ही वेळा. सावकाश, ओशाळल्यासारखी परत येत असेल तर ती परत येतच नाही असं समजा. मग गाडी मेन स्टँडवर ठेवून इंजिन सुरू करा आणि मुठीला हात न लावता हँडल दोन्ही बाजूंना वळवा. वळवताना आवाज चढला, तर केबल कुठेतरी ताणली जातेय. अशी गाडी यू टर्न घेताना आपोआप पळते.

ब्रेकचा लिव्हर वाकला की लोक हाताने दाबून सरळ करतात. तो ओतीव अॅल्युमिनियमचा असतो. सरळ होताना त्याच्या मुळाशी न दिसणारा तडा जातो आणि तो तुटतो तेव्हा तुम्ही जीव खाऊन ब्रेक दाबत असता. लिव्हर नवाच घ्या. तो येईपर्यंत गाडी ढकलत न्यावी लागली तरी चालेल. डिस्क ब्रेक असेल तर लिव्हर दाबून पाहा. स्पंजसारखा लागला तर आत हवा शिरली आहे. चालवताना हातात लिव्हर ठेका धरल्यासारखा उचलला जात असेल तर डिस्क वाकली आहे. ब्रेक सोडल्यावर चाक मोकळं फिरतं का आणि मागचा दिवा लागून विझतो का, हेही बघा. हा दिवा लावणारं लिव्हरजवळचं छोटं बटण पडताना हमखास दुखावतं.

बऱ्याचशा गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये डाव्या अंगाला मागचं चाक फिरवणाऱ्या पट्ट्याची पेटी असते आणि उजव्या अंगाला पंखा आणि सायलेन्सर. डावीकडे पडलात तर पेटीला तडा आणि वाकलेली किक शोधा. उजवीकडे पडलात तर पंख्याचं कव्हर बघा. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात हाच पंखा आणि हेच कव्हर वारा सिलिंडरकडे नेतं. कव्हर फुटलं की वारा बाजूने निसटतो आणि इंजिन हळूहळू तापत राहतं. पंख्याचं एखादं पातं तुटलं तर पायाखाली थरथर जाणवते.

प्लास्टिकचं काम शेवटी. ते मला मनापासून आवडतं, आणि घाई केली तर तेच फसतं. पॅनेल उलटं करून आतली अक्षरं वाचा. तिथे प्लास्टिकचा प्रकार लिहिलेला असतो. एबीएस असेल तर सांधता येतं. त्याच प्लास्टिकचे तुकडे अॅसिटोनमध्ये विरघळवून लापशी करा आणि ती आतल्या बाजूने चिरेत भरा, सांधा पक्का होतो. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असेल तर अशी लापशी किंवा साधा गोंद धरत नाही. त्याला गरम करूनच जोडावं लागतं. चीर पुढे पळू नये म्हणून तिच्या टोकाला ३ मिलिमीटरचं छिद्र पाडा. परत बसवताना स्क्रू ज्या जागेचा त्याच जागी गेला पाहिजे. छोट्याच्या जागी लांब स्क्रू पिळला की तो आतल्या वायरिंगला भोसकतो आणि महिन्याभराने हॉर्न का वाजत नाही ते कुणालाच कळत नाही. मी काढलेले स्क्रू पुठ्ठ्यावर पॅनेलचं चित्र काढून त्या त्या जागी टोचून ठेवतो.

हेल्मेट जमिनीवर जोरात आपटलं असेल, विशेषतः आत डोकं असताना, तर ते बाजूला ठेवा. आतला थर्मोकोलसारखा थर एकदाच दबण्यासाठी केलेला असतो. दबून त्याने आपलं काम केलं. तो पुन्हा फुगत नाही, आणि वरून हे दिसत नाही.

सगळं झालं की रिकाम्या, सपाट रस्त्यावर गाडी काढा. मागे कुणाला बसवू नका. आधी चालण्याच्या वेगात पुढचा ब्रेक, मग मागचा, मग दोन्ही. मग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास हात हलके ठेवून, पण हँडलवरच ठेवून, गाडी एका बाजूला ओढते का ते बघा. एका माणसाला रस्त्यावर तुमच्या मागे उभं करा आणि त्याच्यापासून सरळ लांब जा. मागचं चाक पुढच्याच्या रेषेत आहे का, हे तुमच्यापेक्षा त्याला चांगलं दिसेल. रेषेत नसेल तर इंजिन जिथे चेसिसला लटकतं तिथले बुश, म्हणजे रबरी आधार, बघायला सांगा.

आणि नवे बसवलेले सगळे नट-बोल्ट १०० किलोमीटरनंतर एकदा पान्हा लावून पुन्हा तपासा. एक्सल, डिस्क ब्रेकचा चिमटा म्हणजे कॅलिपर, आणि हँडल यांचे आधी.

नमस्कार.