दुकानाच्या ओट्यावरची माणसं

फ्लोरिडातलं ईटनव्हिल. १८८७ साली कृष्णवर्णीयांनी वसवलेलं आणि स्वतःच कारभार पाहिलेलं गाव. इथल्या जो क्लार्कच्या दुकानाच्या ओट्यावर संध्याकाळी माणसं जमायची, एकाहून एक थापा मारायची. कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिका झोरा नील हर्स्टन ते ऐकत वाढल्या.

पुढे न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात त्या मानवशास्त्र शिकल्या. १९२७ मध्ये लोककथा गोळा करायला फ्लोरिडात परतल्या, तर लोक बोलेचनात. कॉलेजातल्या कमावलेल्या उच्चारांत कुणी लोककथा विचारली, तर कोण सांगणार? पुढे पोक काउंटीत, लाकूडतोड्यांच्या वस्तीत, त्यांची चकचकीत गाडी पाहून लोक बिचकले. 'मी चोरटी दारू विकते, पोलीस मागावर आहेत,' अशी थाप हर्स्टननी ठोकली, तेव्हा कुठे माणसं मोकळी झाली.

हे सगळं कानात साठवून १९३६ मध्ये हैतीत, सात आठवड्यांत त्यांनी कादंबरी लिहिली: 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड'. तिच्यात दिवसभर राबलेली माणसं दुकानाच्या ओट्यावर टेकतात. मालक नजरेआड झालेला असतो. मग मॅट बॉनरच्या हडकुळ्या खेचरावरून जी टिंगल सुरू होते, ती संपता संपत नाही. नायिका जेनीला या गप्पांत भाग घ्यायचा असतो. नवरा, म्हणजे गावचा महापौर, तिला तोंड उघडू देत नाही, केस फडक्यात बांधायला लावतो. आणि एक दिवस, भर दुकानात, सगळ्यांदेखत ती त्याला उलट उत्तर देते. ही माणसं एकमेकांशी बोलतात, त्यांच्याच बोलीत. गोऱ्या वाचकाला समजावत बसायला लेखिका मध्ये येत नाही. मला ही कादंबरी थोर वाटते ती यासाठी.

कृष्णवर्णीय कादंबरीकार रिचर्ड राइट यांना मात्र यात गोऱ्यांच्या करमणुकीचा मसाला दिसला. १९३७ सालच्या परीक्षणात त्यांनी तसं लिहिलं. बोलीभाषेवरून झालेले असे वाद दलित साहित्याच्या वाचकाला ठाऊक आहेत.

हर्स्टनच्या काही हस्तलिखित पानांच्या कडा जळालेल्या आहेत. त्या गेल्यावर त्यांचे कागद जाळायला काढले होते. ओळखीच्या एका पोलीस अधिकाऱ्याने आग विझवली. आता ती पानं फ्लोरिडा विद्यापीठात आहेत.

हर्स्टन १९६० मध्ये गेल्या. फोर्ट पिअर्समधल्या त्यांच्या कबरीवर १९७३ पर्यंत नावाचा दगड नव्हता. तो लेखिका ॲलिस वॉकर यांनी बसवला. १९७८ मध्ये कादंबरी पुन्हा छापली गेली. आज ती अमेरिकेत अभ्यासक्रमाला असते.